शेंदराखालचं तोसदान

माझ्या घरी जुन्या शिपायांच्या चामडी वस्तू आहेत. काडतुसं ठेवायच्या पेट्या, खांद्यावरून घ्यायचे पट्टे, संगिनीची म्यानं, पाण्याच्या बाटलीचं एक कव्हर. कोणी पाहायला आलं की विचारतं, आजी, तुम्हाला सैन्याचा एवढा अभिमान कसा? मला सैन्याचा अभिमान वगैरे काही नाही. बंदूक मी कधी हातात धरली नाही आणि धरायची हौसही नाही. मला शिलाई आवडते, म्हणून या वस्तू ठेवल्या आहेत. हे ऐकून पाहुण्यांचा जरा हिरमोड होतो. होऊ दे.

आम्ही चांभार. माझे वडील विहिरीवरच्या मोटा शिवायचे, बैलांचे पट्टे करायचे, जोडे करायचे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढे वडिलांनी घरी बसवलं आणि दोऱ्याला मेण लावायच्या कामाला लावलं. मेणाचा गोळा तळहातात धरायचा, त्यातून दोरा ओढायचा. दोरा ओढताना आवाज यायला पाहिजे, नाही आला तर मेण कमी पडलं. लग्न होऊन मी मंगरूळपीरकडच्या मालेगावला आले तेव्हा मला स्वयंपाक बरा येत नव्हता, पण दोन सुयांची शिलाई येत होती. नवऱ्याचं बस स्टँडजवळ चपला शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे टपरीच. दुपारी मी भाकर घेऊन जायचे आणि तिथंच बसून काम करायचे.

अशाच एका दुपारी एक शेतकरी काळं पडलेलं एक जाड चामडी खोकं घेऊन आला. म्हणाला, याचे तळवे काढून माझ्या चपलीले लावून द्या. नवऱ्यानं रापी उचलली. चामडं कापायची रापी आमच्याकडे फार धारदार असते, एकदा लागली की मागे घेता येत नाही. मी म्हटलं, "थांबा."

"काहून?"

"टाके पाहा पयले."

त्यानं पाहिलं. टाके इतके बारीक आणि इतके एकसारखे होते की यंत्राचे वाटावेत. पण यंत्राचे नव्हते. पाठीमागून बोट फिरवलं की दोन सुया एकाच भोकातून गेलेल्या कळत होत्या. चामडं जागोजाग तडकलं होतं, पण टाका एकही सुटला नव्हता. माझे वडील चांगले कारागीर होते, पण त्यांच्याकडून असं काम झालं नसतं. शेतकऱ्याला दुसऱ्या चामड्याचे तळवे लावून दिले आणि खोकं मी ठेवून घेतलं.

"आता याचं काय करतं?" नवरा म्हणाला. "लोणचं घालतं का त्यात?"

"घालीन. तुले कायले पाह्यजे?"

त्या खोक्याचं नाव काय, ते मला मंगरूळपीरच्या एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिरानं सांगितलं. तो टांग्याच्या घोड्यांची जीनं शिवायचा. दर्ग्याच्या उरुसाला गेले होते तेव्हा खोकं पिशवीत घालून त्याच्याकडे नेलं. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "ये तो तोसदान है." बंदुकीची काडतुसं कागदात गुंडाळलेली असायची तेव्हा ती कोरडी राहावीत म्हणून शिपाई ही पेटी पट्ट्याला लावून कमरेमागे घ्यायचा. आत एक लाकडी ठोकळा असायचा, त्याला भोकं असायची, एका भोकात एक काडतूस. वर जाड झाकण, झाकणावर पलटणीचा पितळी बिल्ला. हिंगोलीला पूर्वी छावणी होती. तिथले शिपाई सुटून गावोगाव गेले, तेव्हा त्यांच्या पेट्याही गावोगाव गेल्या.

मग मी पाहायला लागले. लग्नाला, मौतीला, भाजी घ्यायला कुठंही गेले की नजर फिरायची. न्हाव्याकडे वस्तरे ठेवायला अशी पेटी सापडली. एका घरी बैलांच्या औषधाची मुळ्या-पाल्याची पेटी म्हणून सापडली. एके ठिकाणी कोंबडी अंडी घालायला त्यात बसत होती. लोक हसत हसत देऊन टाकायचे, बदल्यात मी त्यांचे जोडे शिवून द्यायचे. पण सगळ्या पेट्या रिकाम्या. भोकाभोकांच्या लाकडाचा कोणाला काय उपयोग? कुठं चुलीत गेलं, कुठं उदबत्त्या खोचायला घेतलं आणि मग तेही चुलीत गेलं. बिल्ले मुलांनी खेळायला काढले. ठोकळा आत आणि बिल्ला वर, अशी पुरी पेटी माझ्याकडे एकही नाही. तेवढी एक पाहिजे होती. नवरा गेला, माझे डोळे अधू झाले, सुईत दोरा आता सून ओवून देते, तरी ती पाहिजे होती.

गेल्या नवरात्रात सुनेच्या मोबाइलवर एक फोटो आला. सून म्हणाली, "आई, आसेगाववरून कोनीतरी धाडला. तुमाले विचारून राह्यला की ह्ये चामड्याचं हाये का म्हनून."

फोटोत शेंदराचा गोळा होता. त्याचा वरचा भाग तुटून बाजूला पडलेला, त्यावर चांदीचे दोन डोळे. तुटल्या जागेवर चामड्याची कड दिसत होती. सुनेनं फोटो मोठा करून दाखवला. त्या कडेला टाके होते.

मी म्हटलं, "उद्या सकाळची गाडी कितीची हाये पाह्य."

आसेगावला स्टँडवर घ्यायला तोच माणूस आला होता, ज्यानं फोटो पाठवला. तिशी-पस्तिशीचा, मोटारसायकलवर. घरचा धाकटा मुलगा. रस्त्यानं त्यानं मागे मान वळवून वळवून सगळं सांगितलं, त्यामुळे दोनदा आम्ही खड्ड्यात गेलो.

घर शेतीवाल्यांचं, खाऊनपिऊन बरं. वडील वारलेले, आई आहे, थोरला भाऊ घर पाहतो. त्यांच्या देवघरात पिढ्यानपिढ्या एक वीर आहे. वीर म्हणजे घराण्यातला कोणी पूर्वज, पलटणीत होता, मेला, आणि त्याची ही वस्तू घरी आली. तिची पूजा होते. दरवर्षी खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा असते त्या दिवशी, वीराला तेलात कालवलेल्या शेंदराचा नवा लेप द्यायचा. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी. आत काय आहे हे घरातल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. यंदा घटस्थापनेला देवघर पुसताना थोरल्याच्या बायकोनं वीराला उचललं आणि त्याचं तोंडच गळून पडलं. ती बिचारी दोन दिवस जेवली नाही. गावच्या गुरवाला विचारलं. तो म्हणाला, खंडित झालेला देव पुजायचा नसतो, खंडेनवमीच्या आत नदीत सोडा.

"मंग उद्या पाहाटं सोडाचा हाये," धाकटा म्हणाला. "म्या म्हटलं त्याआंधी तुमाले तरी दाखवू."

म्हणजे माझ्या हाती तेवढी एक दुपार होती.

मला ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. चहा आला, स्टीलच्या कपात. माझ्या वडिलांना अशा घरी अंगणात बसवून वरून पाणी ओतायचे. माझ्यापर्यंत खुर्ची आली, कप आला. देवघरात मात्र मला कोणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरची म्हातारी, माझ्याच वयाची, वीराला पाटावर ठेवून, लाल कपड्यानं झाकून बाहेर घेऊन आली. मागे थोरला मुलगा. पन्नाशीचा, गळ्यात माळ, चेहरा कोणी मेल्यासारखा.

मी कपडा बाजूला केला आणि वाकून पाहिलं. हात लावला नाही. शेंदराचा थर माझ्या अंगठ्याएवढा जाड होता. गळून पडला होता तो नुसता वरचा शेंदूर; झाकण पुढून अजून चिकटलेलं होतं, पण मागच्या बाजूला जिथं ते जोडलेलं असतं, तिथं चामडं त्या ओझ्यानं तुटलं होतं. फटीतून आत पाहिलं. आत लाकूड होतं. लाकडाला भोकं होती. शेंदरानं झाकण पक्कं बसवून टाकलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं कोणी उघडलं नव्हतं, काही काढलं नव्हतं. सगळं होतं तसं होतं.

मला गोल फिरवून बोलता येत नाही. मी म्हटलं, "पाटलीनबाई, नदीत टाकन्यापरीस मले द्या. म्या सांभाळीन. काय घ्याचं थे सांगा."

थोरला म्हणाला, "मावशी, देव इकत असते का?"

"इकू नका. तसाच द्या."

"देव देत बी नसतेत. घरचा वीर दुसऱ्याच्या घरी गेला त आमचं काय राह्यते?"

"अन नदीत गेल्यावर काय राह्यते?"

"थे येगळं. थे रीत हाये."

बोलणं तिथं संपलं. म्हातारी जेवायचं पाहायला आत गेली, थोरला शेताकडे फोन लावत अंगणात गेला. वीर पाटावर तसाच. मी खुर्चीत बसून त्या कडेचे टाके पाहत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं धाकट्यानं खूण केली. मी हात धुवायचं निमित्त करून गोठ्यामागे गेले. तो हळूच म्हणाला, "मावशी, आयका. उद्या पाहाटं नदीवर मीच जानार हावो. दादा येत नाई, त्याले पाह्यवत नाई म्हनते. तुमी रातच्याले तुमच्या कोन्या सोयऱ्याकडं थांबा. म्या नदीवर न जाता सिधा स्टँडवर येतो. पिशवी तुमच्या हाती. घरी सांगतो, सोडला म्हनून."

"तुले काय भेटते त्यात?"

"मले काय भेटाचं हाये? चांगली वस्तू पान्यात टाकाची म्हंजे डोक्स्याचं काम हाये का? मायले सांगून पाह्यलं, दादाले सांगून पाह्यलं. मले म्हनतेत, तू गप बस. लहानपनापासून हेच आयकून राह्यलो."

मी लगेच नाही म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू? गोठ्याच्या भिंतीला टेकून मी हिशोब केला. रात्री मंगरूळपीरला जावेच्या बहिणीकडे राहता आलं असतं. सकाळी पेटी हातात आली असती. दुपारपर्यंत घरी. संध्याकाळी मी शेंदूर काढायला बसले असते.

आणि मग? मग ती पेटी मी कुठं ठेवली असती? माझ्याकडे येणारा माणूस सगळं पाहून जातो, आणि मालेगाव काही आसेगावपासून परदेशात नाही. कोणीतरी फोटो काढणार, तो फिरत फिरत इथं येणार. मग म्हातारी म्हणणार, चांभारीण आमचा देव चोरून घेऊन गेली. त्यानंतर या जिल्ह्यात मला कोणी उंबऱ्याशी उभं केलं नसतं. नाहीतर ती पेटी ट्रंकेत तळाशी दडवून ठेवायची, आणि दार लावून एकटीनं पाहायची. असं पाहायला मला जमलं नसतं. मी चार लोकांत बसून काम केलेली बाई आहे.

शिवाय तो मुलगा. जन्मभर त्या आईच्या तोंडासमोर तो ही गोष्ट पोटात घेऊन बसला असता, आणि तो बसणाऱ्यातला वाटत नव्हता. वर्षाच्या आत बडबडला असता.

"नाई जमत," मी म्हटलं.

"काहून? भेव लागते?"

"लागते. चाल, तुया माईकडं."

नदी आणि मी, एवढेच दोन रस्ते आहेत असं मी सकाळपासून धरून चालले होते. गोठ्यामागून ओसरीवर येईपर्यंत तिसरा दिसला. तो मला आवडणारा नव्हता. त्यात पेटी वाचत होती, पण माझ्याकडे येत नव्हती.

म्हातारी ताटं घेत होती. मी म्हटलं, "पाटलीनबाई, जेवन मंग. पयले हे सांगा, ह्यो वीर खंडित झाला म्हंजे काय झालं?"

"तुटला."

"दगडाचा देव तुटला त सोडाच लागते. दगड सांधता येत नाई. ह्यो दगड नाई, चामडं हाये. अन चामडं कंधी एका तुकड्याचं असते का? ह्ये पाठ येगळी, ह्ये बाजू येगळी, ह्ये झाकन येगळं. सारे तुकडे कोनीतरी शिवले तवा पेटी झाली. पयल्या दिवशीच ह्यो तुकड्याचा होता. मंग तवापासूनच खंडित म्हना. अन तुमी इतक्या पिढ्या पुजत आले त्याचं काय?"

थोरला अंगणातून वर आला. "पन मावशी, मूर्तीले टाके मारले असं आजलोक आयकलं नाई."

"तुमच्या पनज्यानं बी टाके मारलेलेच पुजले. त्यायले दिसले नाई, शेंदूर होता म्हनून. घ्या, पाहा." मी कडेकडे बोट दाखवलं. "मारले हायेत का नाई?"

तो पाटाशी उकिडवा बसला. बराच वेळ पाहत राहिला. "हाव," म्हणाला, "हायेत. पन गुरव त म्हने..."

म्हातारीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "गुरवाचं राहू दे. माह्या पोटाले टाके हायेत का नाई रे? थो धाकटा झाला तवाचे?"

"हायेत."

"गुडघ्याले?"

"हायेत न माय, मीच त नेलं होतं दवाखान्यात."

"मंग मले काहून नाई सोडत नदीत? मी बी खंडितच हावो."

धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. थोरला आधी रागावल्यासारखा झाला, मग त्याच्याही तोंडावर हसू आलं. घटस्थापनेपासून तो पहिल्यांदा हसला असेल. आत दाराआड उभी असलेली थोरली सून पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही.

म्हातारी माझ्याकडे वळली. "शिवून देतं का तू?"

"देतो. पन शेंदूर काढा लागीन. शेंदरावरून सुई जात नाई."

शेंदूर काढायचा म्हणजे देवाला उघडा करायचा. थोरला म्हणाला, "अन हात कोन लावन?" म्हणाला तो हळू, पण म्हणाला.

मी म्हटलं, "ज्यानं पयल्यांदा शिवलं, थो कोन होता? तुमच्या घरचा नवता. आमच्यातलाच असन, नाईतर मोचीबिची असन. त्याचे हात लागले तवाच ह्यो झाला."

म्हातारी म्हणाली, "लाव माय हात. मंग आंघोय घालू त्याले."

मला त्या आंघोळीचा राग आला. पण काम समोर होतं. मी पिशवीतून चामडं टोचायची आरी काढली, दोरा, मेण, बकरीच्या चामड्याची एक पातळ पट्टी. थोरल्या सुनेकडून गरम पाणी आणि जुन्या लुगड्याचं फडकं मागितलं. रापी घेतली नाही. रापीनं शेंदराबरोबर चामडंही आलं असतं. बांबूची एक कामटी तासून घेतली, फडकं गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि शेंदरावर दाबून धरलं. तेलाचा शेंदूर वाळून कवडीसारखा कडक झालेला असतो. ऊब लागली की कड सुटते. मग कामटी घालायची आणि वाट पाहायची. घाई केली तर गेलं.

दुपार अशी गेली. म्हातारी समोर भिंतीला टेकून बसली होती. मधून मधून आपल्या गुडघ्यावर हात फिरवायची. थोरला शेतात जातो जातो म्हणत गेला नाही. शेंदराचे तुकडे मी लाल कपड्यावर ठेवत होते, त्यात थर दिसत होते, कांद्यासारखे. चांदीचे डोळे धाकट्यानं धुऊन वाटीत ठेवले.

झाकणावरून शेवटचा मोठा तुकडा सुटला तेव्हा खालून बिल्ला निघाला. पितळेचा, काळपट, अख्खा. त्यावर मुकुट आणि खाली पलटणीचा आकडा. पेटी उघडी झाली. चामडं काळं कुळकुळीत, शेंदराच्या तेलानं मऊ राहिलेलं. आत ठोकळा, एकही भोक फुटलेलं नाही. एका भोकात कुंभारमाशीनं कधीकाळी मातीचं घर केलेलं, आतली माशी केव्हाच उडून गेलेली. मी इतकी वर्षं जे शोधत होते ते माझ्या मांडीवर होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दुसरा शब्द नाही.

थोरला वाकून पाहत होता. त्याचा आवाज एकदम उतरला. "माय, ह्ये त पेटी हाये."

"मंग तुले काय वाटलं होतं?" धाकटा म्हणाला.

"मले वाटलं... काई त असन. डोकं, हात. निदान तलवारीची मूठ." तो मागे सरून बसला. "आपन पेटीले निवद दाखवत होतो."

मी कामटी खाली ठेवली होती. त्या घडीला मी तोंड उघडलं असतं, हलकेच म्हटलं असतं की हाव, ही नुसती काडतुसांची पेटी आहे, शिपायांना सरकारातून मिळायची, अशा शेकड्यांनी निघायच्या, तर ती मला मिळाली असती. थोरल्याच्या तोंडावरून ते दिसत होतं. धाकटा माझ्याकडे भुवया उडवत होता.

म्हातारीनं मला विचारलं, "तुले यातलं कळते. सांग, यात वीर हाये का?"

"मले देवाचं कळत नाई," मी म्हटलं. "चामड्याचं कळते."

"मंग चामड्याचं सांग."

मी पेटी उलटी केली आणि दाखवली. मागच्या अंगाला, जिथं पेटी शिपायाच्या कमरेला घासते, तिथं चामडं झिजून खोलगट झालं होतं. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. "ह्यो मानूस उजव्या अंगावर झुकून चालत होता," मी म्हटलं. "एक पाय अधू असन, नाईतर सवय. पेटी नवी होती तवा सपाट असन. ह्ये त्याच्या अंगानं पडलं. कोन्या दुसऱ्याच्या अंगानं असं पडत नाई. मले एवढंच कळते."

म्हातारीनं बोट पुढं केलं आणि त्या खोलगट जागेवरून फिरवलं. मग थोरल्याचा हात धरून त्याचं बोट तिथं ठेवलं. त्यानं हात लवकर काढला नाही.

"शिव," ती मला म्हणाली.

मी शिवलं. तुटलेल्या जागेखाली बकरीची पट्टी घातली, म्हणजे ओझं जुन्या चामड्यावर येणार नाही. जुनी भोकं होती तीच वापरली, नवीन एकही पाडलं नाही. सुईत दोरा थोरल्या सुनेनं ओवून दिला. माझे हात आता हलतात, त्यामुळे दोन टाके उसवून परत घालावे लागले. सगळे टाके झाल्यावर झाकण उघडून मिटून पाहिलं. बसलं. माझं काम जुन्या कामाशेजारी ओळखू येतं. माझा टाका जाड आहे.

मग मी सांगितलं, "आता शेंदूर लावान त फक्त बिल्ल्याले लावा. चामड्याले नाई. पुन्हा थर चढवले त पुन्हा तुटन."

थोरला म्हणाला, "वीर असा उघडा कसा ठेवाचा?"

"तोंड झाकलं की झालं न? बिल्ला त्याचं तोंड धरा."

"अन कानाकडं थोडा?" म्हातारी म्हणाली.

"त्याले कान नाईत, पाटलीनबाई."

"बाजूले थोडा वो. रिकामं दिसते."

शेवटी बिल्ला आणि बाजूच्या दोन बोटांएवढ्या जागेवर तोडगा निघाला. म्हातारीनं तेव्हाच वाटीत तेल-शेंदूर कालवला. बोटानं पहिला आकड्यावर लावला, मग मुकुटावर. चांगलं जुनं पितळ माझ्या डोळ्यांसमोर लाल होऊन गेलं. मी दुसरीकडे पाहिलं नाही. चांदीचे डोळे तिनं त्यावर दाबून बसवले, एक जरा वाकडा बसला. थोरल्यानं पाट उचलून आत नेला. शेंदराचे तुकडे लाल कपड्यात बांधून धाकट्याकडे दिले, उद्या नदीत सोडायला. रीत तेवढ्यानं भागणार होती.

ती पेटी माझ्याकडे असती तर जास्त चांगली राहिली असती, याबद्दल मला शंका नाही. देवघरात धूर आहे, तेल आहे, उंदीर आहेत. पण पाण्यात असती त्यापेक्षा तिथं बरी.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला धाकटाच आला. घरापासून स्टँडपर्यंत तो या खेपेला मागे वळून बोलला नाही. गाडी यायला वेळ होता. मोटारसायकलवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "मावशी, तुमी त बोलून बोलून सोताचंच नुकसान केलं."

"हाव."

"माह्यं आयकलं असतं त..."

"नाई आयकलं. झालं आता."

तो हँडलवरची धूळ पुसत राहिला. "अन पुढल्या टायमाले पुन्हा तुटला, त?"

"मी नसीन तवा. दुसऱ्या कोन्या चांभाराकडं ने. पन त्याले सांग, मेनाचाच दोरा घे म्हना. आजकाल सारे नायलॉन वापरतेत. नायलॉन चामडं कापते."

"मेनाचा," तो म्हणाला.

"मेनाचा. अन जुन्या भोकातूनच."

गाडी आली. त्यानं माझी पिशवी आत सीटवर नेऊन ठेवली.